अक्काची ओवी, तिच्याच आवाजात

मी तिसगावचा, जल्म हितलाच, आन धंदा म्हनाल तर लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा, कर्णे बांधूबांधू उमर गेली, आन आता तोच मी लोकांला म्हनतो आवाज कमी करा, तर लोकं हसतेत. हसू द्या. गोंगाट इकूनच पोट भरलंय मी, म्हनून तर गोंगाट काय अस्तो ते मला ठावं हाय.

माझी थोरली बहीन, अक्का. कुनाच्या घरी हळद दळायची म्हनलं का जात्यावर पयला हात तिचा आन पयली ओवी तिची. मग गळ्याचं आपरेशन झालं, आवाज गेला, तवापासून नुसती कुजबुजती. त्याच्या आधी एकदा मी तिच्या ओव्या टेपवर भरून घेतल्या हुत्या, तेवढंच काय ते राह्यलं. काय सांगू तुमाला, तिच्या लेकानं, सुभाषनं, ती कॅसेट नगरला एका स्टुडिओत दिली, म्हनला मामा, साफ करून मोबाईलवर आनतो. त्यांनी काय केलं, जिथं हळू हुतं ते फुगवलं, मोठं हुतं ते दाबलं, जेसीबीनं रान सपाट करावं तसं समदं एका उंचीला. जात्याची घरघर अक्काएवढी, तिचा श्वासबी अक्काएवढा. आन कॅसेटची फीत मशीनीत गुतून तुटली, ती दिली फेकून. अक्कानं ऐकलं आन माझ्या कानाशी म्हनली, नान्या, मी अशी वरडत हुते व्हय रं?

लई दिस पुन्हा ऐकलं न्हाई तिनं. नातीचं, सुभाषच्या पूजाचं, लगीन ठरलेलं, हळदीला आजीच्या ओव्या लावायच्या असंबी ठरलेलं, तर म्हनली ह्या लावू नको, पोरीला वाटंल आजी भांडखोर हुती. मी म्हनलं लावनार, पन तुझ्या हायेत तशा लावनार.

कॉम्प्युटर मला जेमतेम येतो, तरी स्टुडिओनं दिलेलंच त्यावर घेतलं. आवाजाची रेघ दिसती, ती वर-खाली करता येती, पन कुठं आन किती? अक्काला इचारलं तर तिलाबी सांगता यीना, गाताना कोन ध्यान देतं वो. मग तिनंच माळ्यावरचं जातं काढाया लावलं, गहू घेतलं, म्हनली लाव ओवी, आन बसली दळाया. आन काय सांगू! दानं टाकाया हात थांबला का तिथं तिचा आवाज खाली यायचा, जातं जड झालं का खांदा पुढं जायचा, तिथं वर. मी तिच्या खांद्याकडं बघायचो आन रेघ हालवायचो. एकेका ओवीला पुन्हापुन्हा दळन, पीठ खाऊन खाऊन घरची कटाळली. श्वास मागं सारला, घरघर मागं सारली. जे पार कापलं गेलं ते आलं न्हाई, खोटं कशाला बोलू, वरच्या सुराला अजून खरखर हाय. पन एक दिस अक्कानं जातं थांबवलं, म्हनली, ही मी.

हळदीला सुभाषनं डीजे आनलेला. मी म्हनलं आधी माझं. ओवी लागली तशी पोरं वरडली, नाना आवाज वाढवा, काय बी ऐकू येत न्हाई. सुभाष आला, मामा, पावन्यात इज्जत चालली, वाढव. मी बटनावर हात ठिवून हुबा. म्हनलं जाऊ दे तुझी इज्जत, माझ्या बहिनीला पुन्यांदा वरडाया लावनार न्हाई, लाव हात तुझ्यात दम आसंल तर. तेवढ्यात पूजा हळदीच्या अंगानं पाटावरनं उठली, उठू नये म्हनतेत, बाया आगं आगं करतेत, तर ती सरळ येऊन स्पीकरला कान लावून बसली. पोरीनं जल्मापासून आजीची कुजबुजच ऐकलेली. मागनं बाया आल्या, पोरं आली, डीजेवालाबी येऊन टेकला. पूजा म्हनली, आजी, किती हळू गायचीस गं तू. अक्का हसली, आन मला लई रडू आलं, मर्द मानूस असून रडलो, त्याची लाज न्हाई मला.

आता कोन आपल्या मंडळाचं भजन आनतं, कोन मेलेल्या बापाचं भारूड, म्हनतेत नाना, ह्यातला जीव गेलाय बघा. जमंल तेवढं करतो, न्हाई जमलं तर तोंडावर सांगतो. अक्का येऊन बसती संगं, देव तिला उदंड आयुष्य देवो. आन कोन म्हनला जरा आवाज वाढवा, तर वाढनार न्हाई. ऐकायचं आसंल तर जवळ या, बसायला पोतं टाकलेलं हाय.