बाराव्या पाणपोईची पाटी

सन्माननीय अध्यक्ष, शहरप्रमुख फिक्री बे, व्यासपीठावरचे शेखसाहेब, आजचे सत्कारमूर्ती, युद्धवीर, पंप कारखान्याचे संस्थापक, दानशूर हाजी शहाता, दर वक्त्याला टाळ्या वाजवून हात दुखलेल्या त्यांच्या पत्नी हाजिया नगात, आणि बसबूशा मिठाईच्या ताटांकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या कफ्र नुवैरकरांनो!

मला दोन मिनिटं दिली आहेत. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत होते, त्यातली निम्मी हेडमास्तरीण म्हणून; अजूनही अख्खं गाव मला ‘अब्ला’च म्हणतं. घंटा मीच द्यायला सांगायचे, तेव्हा दोन मिनिटं किती लांबवता येतात ते मला ठाऊक आहे.

हाजींच्या दातृत्वाबद्दल मी काय बोलावं? गावात अकरा पाणपोया. प्रत्येकीवर पत्र्याची पाटी आणि पाटीवर काय? ‘मरहूम हाजी शहाता यांच्यासाठी फातिहा वाचा.’ हसू नका! बयूमी पेंटरकडे साचा एकच. लोक पाणपोई घालतात ती गेलेल्या माणसाच्या नावाने, आणि फातिहा वाचतात तोही त्याच्याच आत्म्यासाठी. धडधाकट माणूस स्वतःच्याच नावाने घालेल, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? मी त्याला झापलं, तर म्हणतो कसा, “अब्ला, आज ना उद्या बरोबर ठरेलच की!” आणि हाजींनी पाटी बदलली? छे! नाव ठळक आलं होतं ना. अकरा वर्षं अख्खं गाव ह्या जिवंत माणसासाठी फातिहा वाचतंय. तब्येत बघा कशी ठणठणीत आहे!

आता युद्ध. तीस वर्षं दर ऑक्टोबरला हाजी आमच्या शाळेत भाषणाला आले. पहिल्या वर्षी म्हणाले, “आम्ही होडीतून पंपाच्या पाण्याचा मारा करून शत्रूची कालव्याकाठची वाळूची भिंत फोडली.” दहाव्या वर्षी ते ‘मी आणि चार जण’ झालं. विसाव्या वर्षी ‘मी एकट्याने’. कालवाही ह्यांनीच खणला, एवढंच सांगायचं बाकी होतं. एका मुलीने मला विचारलं, “अब्ला, बाकीचे सैनिक तेव्हा चहा पीत होते का?” मी तिला गप्प केलं. चुकलंच माझं.

कारण त्या होडीत कोण होतं ते मला माहीत होतं. माझा धाकटा भाऊ सुबही होता. लढाई थांबल्यावर शहाता, तेव्हा हाजी नव्हता, नुसता शहाता, आमच्या दारात आला आणि आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. “खाला, नळीचं तोंड आम्ही दोघांनी धरलं होतं. गोळीबार सुरू झाला आणि मी हात सोडून होडीच्या तळाशी आडवा झालो. सुबहीने सोडलं नाही. भिंतीला वाट पडेपर्यंत सोडलं नाही.”

आईने त्याच्यापुढे मसुराच्या सूपचा वाडगा ठेवला. “तू तरी आलास ना? खा.” मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “तवहीदा, ह्याची कुठे वाच्यता केलीस तर माझी शपथ आहे. पोर आहे ते. घाबरलं.”

मीही तेच म्हणते, हाजी. वीस वर्षांचे होतात, घाबरलात. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

काय म्हणालात? “अब्ला, पुरे”? बसा हाजी, घंटा व्हायची आहे.

तक्रार पहिल्या पाणपोईची आहे. तिच्या उद्घाटनाला आईने तुम्हाला विचारलं, “शहाता, पाटीवर काय लिहिलंय रे?” तिला अक्षरओळख नव्हती. तुम्ही खाली बघत म्हणालात, “सुबहीचं नाव आहे, खाला.” मी शेजारीच उभी होते. निम्म्या गावाला वाचायला शिकवलेली मी, तोंडातून शब्द काढला नाही. तिचा चेहरा एवढा फुलला होता की माझी हिंमतच झाली नाही. त्यानंतर अकरा वर्षं आई रोज त्या पाणपोईवर गेली. दोन घोट पाणी प्यायची, पाटीवर हात ठेवायची आणि लेकासाठी फातिहा वाचायची. हाताखाली नाव तुमचं! भीतीची लाज नसते, हाजी. ह्याची आहे, आणि ती तुमच्याइतकीच माझीही आहे.

ह्या वसंतात आई गेली. तिची शपथही तिच्याबरोबर गेली.

बारावी पाणपोई माझ्याच शाळेच्या दारात, बाहेर पडद्याआड उभी आहे. अध्यक्ष महोदय, तिची पाटी करून घ्यायचं काम समितीने मोठ्या विश्वासाने माझ्यावर सोपवलं होतं. काल बयूमीकडे गेले. साचा तोच. मी नाव सांगितलं, तसा त्याने ब्रश खाली ठेवला. “अब्ला, हाजी काय म्हणतील?”

मी म्हटलं, “काही म्हणणार नाहीत. हे नाव त्यांनी पूर्वी एकदा वाचून दाखवलंय.”

समितीचे आभार, फिक्री बेंचे आभार, एवढा वेळ बसबूशाला हात न लावल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हातारीला सांभाळून घ्या. पाटीत मात्र चूक नाही, मी दोनदा तपासली आहे.

चला, हाजी, उठा. पडद्याची दोरी तुम्हीच ओढायची आहे, आणि पाटीवर काय लिहिलंय ते सगळ्यांना वाचून दाखवायचं आहे. ह्या वेळी, खाली न बघता.