फिरून येणारं रगत

शंकरसिंग कंपौंडर : ...हां, आता लिहितो. सन तेराशे एक्कावन्न फसली, म्हणजे इंग्रजी एक्केचाळीस. सुभद्राबाई मसाजी, मेंढपाळ, राहणार साखरा. डॉक्टरसाहेबांनी तपासलं ना? मग आता काय पाहिजे, मसाजी?

मसाजी : हिच्या कानाला चीर द्या. पाय सुजतेत, दम लागतो. अंगात रगत लै झालंय. मेंढी अशी झाली की आमी तसंच करतो. परवा मेंढरं घेऊन वऱ्हाडाकडं निघायचंय.

सुभद्राबाई : मी काय मेंढी हाय?

मसाजी : मेंढी ऐकती तरी.

शंकरसिंग : अहो, रक्त जादा नाही झालं. मेंढीचं दिल कापून पाहिलंय कधी?

मसाजी : हजारदा. चार खोल्या. वर दोन बारक्या, खाली दोन मोठ्या, मधी भिंत.

शंकरसिंग : बराबर. खालच्या दोन्ही सारख्या?

मसाजी : कुठल्या सारख्या! उजवी पातळ, डावी जाड. म्हातारा मेंढा असला तर सुरी अडती.

शंकरसिंग : डावी काहून जाड?

मसाजी : ते मेंढ्याला विचारा.

शंकरसिंग : देखो, उजवीला काम थोडं. अंगभर फिरून आलेलं मैलं रक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचं, बस. तिथं हवा खाऊन तेच रक्त लाल होऊन डावीकडं येतं. डावीनं ते टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत फेकायचं. म्हणून ती पैलवान.

सुभद्राबाई : तेच रगत फिरून येतं? मला वाटायचं, रोजच्या भाकरीचं रोज नवं व्हतं.

शंकरसिंग : तेच येतं, बाई. आणि उलटं जाऊ नये म्हणून खोल्यांना झडपा. लोहाराच्या भात्यात चामड्याची असते ना, हवा आत घेते, परत सोडत नाही, तशा. तुमची डावीकडची झडप नीट मिटत नाही. पुढं जायचं रक्त मागं फुप्फुसाकडं तुंबतं. लहानपणी सांधे सुजून ताप आलता?

सुभद्राबाई : लग्नाआधी. दोन महिने उठले न्हवते.

शंकरसिंग : त्यानंच झडप खाल्ली. आता आडवं झालं की जीव कोंडत असेल.

सुभद्राबाई : न्हाई.

मसाजी : आडवी होतीच कुठं ती, साहेब! दिवाळीपासून रातभर बोचक्याला टेकून बसती. लांडगा येऊन राहिला म्हणती. मी समद्या सोयऱ्यांत सांगत फिरलो, राखणीला माझी बायको वाघीण हाय म्हणून... काय गं, लांडगा न्हवता व्हय?

सुभद्राबाई : एकदा आलता.

मसाजी : मला काहून न्हाई बोललीस?

सुभद्राबाई : बोलले असते तर तुमी मला गावात ठिवून गेला असता. वीस वर्सं मेंढरांमागं चालले. चार भिंतीत मला झोप लागत न्हाई.

शंकरसिंग : चालणं बंद, बाई. मीठ बंद. ही थेंबांची दवा, आणि दर पंधरवड्याला इथं दाखवायचं.

मसाजी : बरी व्हईल?

शंकरसिंग : झडप शिवता येत नाही, मसाजी. दिलाला आराम दिला तर पुष्कळ दिवस चालेल. दगदग केली तर नाही.

मसाजी : मग मेंढरं नामाजी नेईल.

सुभद्राबाई : तुमच्या भावाच्या हाकेला ती वळतेत व्हय? शंभरातली साठ घेऊन येईल.

मसाजी : साठ तर साठ.

सुभद्राबाई : आन तुमी काय करताल गावात? पारावर बसताल?

मसाजी : चार शेळ्या राखीन. आन भिंतीत झोप न्हाई ना लागत? आंगणात पाल ठोकू.

सुभद्राबाई : घर असून पालात! लोक हसतील.

मसाजी : हसू दे. हात कर हिकडं. साहेब, माणसाची नाडी कुठं बघतेत? मेंढीची मांडीत सापडती.

शंकरसिंग : मनगटात, अंगठ्याखाली. हळू. मेंढी नाही धरली तुम्ही.

मसाजी : हां... सापडली. लंगडत चालून राहिली.

सुभद्राबाई : सोडा आता. समदा दवाखाना बघून राहिला.

मसाजी : गप बस. मोजून राहिलो.