तांबडी गाय

अमलदाराच्या कचेरीबाहेर बाकावर मी माझी पाळी येण्याची वाट बघत होतो. शेजारी दोघी बायका बसल्या होत्या, थोरलीच्या हातात शेळीचं दावं.

“वाल्पुर्गाकाकू, वेंडेलकाकांच्या मागे ड्यूकसाहेबांना ही मरतुकडी शेळी देणार?”

“घरधनी गेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर त्यांचं, हा रिवाज. आता हेच चांगलं.”

“आणि तुमची तांबडी?”

“हळू बोल, उर्सेल. नेकार नदीपलीकडे भावाकडे धाडली. तिकडे दुसरं संस्थान, इथल्या अमलदाराचा हात पोचत नाही. पण माणूस जिवंत असतानाच न्यावी लागते. नंतर नेली तर चोरी.”

“झकास केलंत! त्यांच्या गोठ्यात काय कमी आहेत?”

“मलाही तेव्हा तसंच वाटलं गं.”

“मग डोळे का पुसताय?”

“ह्यांची खाट खिडकीपाशी होती. तांबडी फाटकातून जाताना ह्यांनी पाहिली. स्वतःच्या बापाच्या आजारपणात ह्यांनीच गाय नेली होती नदीपलीकडे. ह्यांना वेगळं काय सांगायचं राहिलं? आणि सकाळीच मी म्हटलं होतं, यंदाच्या कापणीला विळा तुम्हीच धराल.”

“काका काही बोलले?”

“म्हणाले, ‘गाभण आहे ती. सावकाश न्यायला सांग.’”