साडू सात मिनिटं, मी सव्वीस

…आणि वर मलाच विचारतात, "दुकानदाराचं ऐकायला काय झालं होतं?" अहो, ऐकलं ना! तुम्हाला सांगतो, त्या माणसाने मला उभं-आडवं तपासलं. "काका, विमानाचं वजन किती? सेल किती हवेत? सी किती, म्हणजे बॅटरीने करंट किती झटक्यात सोडायला हवा?" म्हटलं, बाबा रे, मी बॅटरी घ्यायला आलोय, तोंडी परीक्षा द्यायला नाही! माझं रिमोटचं विमान उडतं पाच मिनिटं, आमच्या साडूंचं सात. या दोन मिनिटांच्या जोरावर तो गृहस्थ दोन वर्षं माझ्याकडे बघून मिशीत हसतोय! रविवारी मैदानावर त्याला गप्प करायचाच, म्हणून म्हटलं, दुकानातली सगळ्यात मोठी काढ! तर म्हणतो, "काका, तुम्हाला ही छोटीच बरोबर. मोठी जड पडेल." आता जास्त वेळ चालायचं तर मोठी नको? माझं काय चुकलं, सांगा!

घरी आणली. बायको म्हणते, "असल्या बॅटऱ्या फुगतात म्हणे, पेट घेतात म्हणे! चार्जिंगला लावून जागचं हलायचं नाही!" बसलो ना! जुन्या पातेल्यात ठेवून दीड तास तिच्या उशाशी बसलो! तर म्हणते कशी, "मुलांच्या तापात नाही बसलात कधी असे." अहो, मुलं काय पेट घेत होती? माझं काय चुकलं, सांगा!

बरं, ती विमानाच्या पोटात मावेना. मी सोडतो काय? थर्माकोलचं तर पोट, सुरीने केलं मोठं! मग विमान नाकावर आपटायला लागलं… बॅटरी पुढे ना! म्हटलं, थांब तुझ्या! शेपटीला कपाटाचं कुलूप बांधलं. झालं सरळ!

रविवारी साडूंचं भुर्रकन वर. आणि माझं… पळालं. या टोकाहून त्या टोकाला, तिथून परत, पण चाकं काही जमीन सोडेनात! साडू ओरडतायत, "अहो, उडवा की!" सात मिनिटांनी त्यांचं उतरलं, माझं चालूच! पंधरा… वीस… साडू डबा उघडून जेवायला बसले, तरी चालूच! बायकोने घड्याळ लावलं होतं, सव्वीस मिनिटं! कोणाचं जास्त चाललं? उंचीचं कोणी बोललं होतं का आधी? माझं काय चुकलं!

आता म्हणे छोटी आणा. म्हणजे परत त्या दुकानात जाऊन, "बघा काका, मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकून घेऊ? मी? मरेन, पण ती पायरी चढणार नाही! तर बायको शांतपणे म्हणते, "एवढं फिरतंच आहे, तर पंख काढा आणि मागे ओलं फडकं बांधा."

…बांधलंय. फरशी स्वच्छ निघते. कोपरे तेवढे राहतात.