शाबासकीची जागा

अप्पा : आण ते मांजर हिकडं, क्रांती. पोत्यात घालू दे. केरबाचा टेंपो दारात उभा हाय. शिरोळच्या मळ्यात सोडतो म्हणालाय.

क्रांती : माझी तांबडी कुठं जाणार न्हाय.

अप्पा : अगं, पिसाळलंय ते! गोठ्याच्या दारात शेपूट चिरडली, डॉक्टरनं कापली, तवापास्नं बघतोय मी. मधीच किंचाळतंय, गरागरा फिरतंय, नसल्याली शेपूट चावाय बघतंय. आज माझा हात फोडला. उद्या तुझं तोंड फोडंल!

क्रांती : दिवसभर माझ्या मांडीवर असती. मला चावली एकदा तरी? ही वही बघा.

अप्पा : ही विज्ञानाची न्हवं?

क्रांती : मागची पानं माझी हायत. टाके काढून सोळा दिवस झाले. तेवढ्यात अकरा वेळा पिसाळली. धार काढून तुम्ही आत आला, की पिसाळली. डेअरीत दूध घालून आला, की पिसाळली. मधी तुम्ही हुपरीला लग्नाला गेलता, दोन दिवस. त्या दोन दिवसांत भोपळा!

अप्पा : म्हंजे मी पिसाळवतोय व्हय?

क्रांती : व्हय.

अप्पा : नववीत गेल्यापास्नं आज्ज्याम्होरं तोंड लई चालाय लागलंय तुझं.

क्रांती : आत आल्यावर तुम्ही काय करता तिला?

अप्पा : काय करतोय? माया करतोय! ‘शाबास गं माझी वाघीण’ म्हणून थाप देतोय.

क्रांती : कुठं?

अप्पा : कुठं म्हंजे? म्हशीला देतोय तिथंच. पाठीमागं.

क्रांती : म्हंजे बरोबर टाक्यांवर.

अप्पा : आता जखम भरलीया की! वर केसबी आल्यात.

क्रांती : मी पण हेच म्हणालो डॉक्टरबाईंना. काल क्लास सुटल्यावर एकटीच गेलतो राजारामपुरीत, जनावरांच्या दवाखान्यात. त्या म्हणाल्या, वरनं भरलं तरी आत कापलेल्या नसा दुखऱ्या राहू शकतात. जरा धक्का लागला की कळ जाती. तिला तपासायला घेऊन ये, तोवर तिथं हात लावू नका, म्हणाल्या.

अप्पा : आन् जी शेपूट न्हाईच, ती चावाय का बघतंय?

क्रांती : तुमचं बोट कुठाय?

अप्पा : कडबाकुट्टीच्या पात्यात गेलं. वीस वर्सं झाली. त्याचं काय आता?

क्रांती : मग थंडीत कोण म्हणतंय, ‘क्रांते, माझं गेल्यालं बोट खाजतंय गं’?

(बाहेर टेंपोचा हॉर्न वाजतो. दोनदा.)

क्रांती : बोला की!

अप्पा : पहिलं वरीसभर… कुणी नुसता हात धरला तरी वरडायचो मी. तुझ्या आज्जीला किती शिव्या दिल्या असतील.

क्रांती : म्हणून तुम्हाला कुणी पोत्यात घातलं?

अप्पा : गप. आण तिला.

क्रांती : आधी सांगा, शाबासकी कुठं द्यायची?

अप्पा : कपाळावर.

क्रांती : आणि हनुवटीखाली. बसा. हळू… हळू… बघा! डोळे मिटले! घुरघुरतीया अप्पा, तुमच्या हाताखाली घुरघुरतीया! जिंकलो! ओ केरबाकाका, जावा तुम्ही! रिकामा टेंपो घेऊन जावा!

अप्पा : वरडू नको. बुजंल ती.

क्रांती : अप्पा, तुटक्या बोटानंच खाजवताय व्हय?

अप्पा : त्येला ठावं हाय, किती हळू लावायचं ते.