गप्प फोनवर कोण असतं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे सर, त्यांच्या घरची मंडळी आणि रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सर मूळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कॉलेज बंद पडलं आणि ते आमच्या हेडफोनात अडकले. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, "अभाव हाही एक पदार्थ आहे." आम्ही म्हणायचो, हो सर, कॅन्टीनमध्ये रोज तोच असतो. हसलात, बरं झालं.

पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. कोणी बोलत नाही म्हणजे कोणी नाही, असं होत नाही. घंटा वाजली ना? मग कोणीतरी आहेच. त्यातूनच आमची रीत पडली: फोन गप्प असला की माइकवर पेनानं टकटक करायचं आणि थांबायचं. पलीकडून काहीही वाजलं, की गाडी सोडायची.

उद्यापासून फोन माणसाऐवजी यंत्र घेणार. ते हुशार आहे, वाद नाही. त्याला शिकवायला आपलेच जुने कॉल दिले, पण गप्प कॉल 'रिकामे' म्हणून आधीच गाळले. मग त्याच्या जगात गप्प माणूस असणार कुठून?

गेल्या आठवड्यात चाचणी झाली. एका फोनला यंत्रानं "कृपया बोला" म्हटलं, वाट पाहिली, पडद्यावर 'कोणी नाही' असं लिहिलं आणि फोन बंद केला. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. सरांनी त्याच नंबरवर उलट फोन लावला आणि टकटक केली. पलीकडून बांगडी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे मी पडद्यावरचा नंबर वाचला. तो माझ्या घरचा होता.

अर्धांगवायूनंतर आईची वाचा गेली आहे. ती न्हाणीघरात पडली होती; मोबाइल तेवढा हाताशी होता. गाडी वेळेत पोहोचली, म्हणून आज ती मागच्या रांगेत, दाराजवळ बसली आहे.

अशा प्रसंगी रडगाणं नको, हे कळतं मला. पण भीती वाटते. उद्या मी गाड्या पाठवायच्या कामावर असेन, सर त्यांच्या घरी असतील आणि आई एकटी असेल. काल मी सरांना विचारलं, यंत्राला हे कधी कळेल का? ते म्हणाले, "ठाऊक नाही रे. आईला फोन जवळ ठेवायला सांग." सरांना ठाऊक नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. अध्यक्ष महोदय, यंत्राशेजारी एक खुर्ची राहू द्या, गप्प फोन ऐकणाऱ्या माणसाची.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. अधिकउणं बोललो असेन तर पदरात घ्या. टाळ्या मात्र जरा थांबवा. इथून मला मागचं नीट दिसत नाही. आई, एकदा बांगडी वाजव, मग मी खाली बसतो.