खिशाच्या तोंडचे नऊ टाके

जबाब देणार : टेलरकाकू (परिसरात याच नावाने ओळख, कागदोपत्री नाव सोबत जोडलेल्या ओळखपत्राच्या प्रतीप्रमाणे)
वय : ५८ वर्षे (आधी ६० लिहिले होते, जबाब देणारीच्या हरकतीवरून खोडले)
धंदा : शिवणकाम
राहणार : भाजीबाजाराच्या मागची गल्ली, दुकान नंबर चार व त्यावरची खोली

मी आज सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, याच कामासाठी मी इथे तिसऱ्यांदा आले आहे. पहिल्या दिवशी मोठे साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण कागद संपले होते. आज दोन्ही आहेत, तर पेन चालत नव्हतं, म्हणून माझं दिलं. जबाब माझ्याच शब्दांत लिहावा असं मी सांगितलं. लिहिणारे हवालदार म्हणाले, "काकू, तुम्ही बोला, मी नीट बसवून घेतो." मी म्हटलं, "बसवायचं काम माझं. तुम्ही नुसतं लिहा."

मी त्या दुकानात बत्तीस वर्षं कपडे शिवते. या ठाण्यातल्या निम्म्या वर्द्यांची दुरुस्ती माझ्याकडे होते. कोणाची कंबर किती आणि ती कोणत्या वर्षी किती वाढली, हे मला तोंडपाठ आहे. विचारल्याशिवाय सांगणार नाही. हे वाक्य गाळू का, असं हवालदारांनी विचारलं. गाळू नये.

जे गेले ते माझ्या दुकानाच्या पायरीला लागून फळी मांडून चाव्या बनवायचे. इथल्या कागदावर 'सदर मयत इसम' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. एकोणीस वर्षं जो माणूस रोज माझ्या दाराशी कानस घासून माझं डोकं उठवत होता, तो इसम कसा होईल? गल्ली त्यांना चावीवाला म्हणायची. मी भाऊ म्हणायची, ते मला ताई म्हणायचे. वयाने ते माझ्याहून चार महिन्यांनी मोठे, पण मरेपर्यंत कबूल केलं नाही. गावभरची कुलपं उघडायचे आणि स्वतःच्या घराची चावी आठवड्यातून एकदा तरी आत विसरायचे. मग वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कामावरून येईपर्यंत माझ्याकडे बसून माझ्याच शिवणीला नावं ठेवायचे.

घटना अकरा दिवसांपूर्वीची, मंगळवारची आहे. त्यांची नवी पँट माझ्याकडे तयार होती. करड्या रंगाची. मागे खिसा नाही, कारण स्टुलावर बसताना टोचतो अशी त्यांची तक्रार. सकाळी सव्वादहाला ते घाईने आले, कारण जुनी पँट वहिनी फरशी पुसायला घेणार होत्या आणि तसं त्यांना दोनदा बजावलं होतं. पडद्यामागे जाऊन त्यांनी नवी घातली. जुनी माझ्या दुकानात खुंटीला अडकवली. ती अजून तिथेच आहे. कोणाला बघायची असेल तर या.

आता माझी कामाची पद्धत सांगते, ती नीट लिहावी. इस्त्री करताना खिशाची तोंडं फाकू नयेत म्हणून मी ती पांढऱ्या दोऱ्याने, कच्च्या टाक्यांनी बंद करते. एका खिशाला नऊ टाके, शेवटी दुहेरी गाठ. गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देताना ते टाके मीच कापते. बत्तीस वर्षांत कधी विसरले नाही. त्या दिवशी विसरले. कंबर चौतीस की छत्तीस यावर आमचं वाजलं होतं. पोट कमी झालंय असं त्यांचं म्हणणं. मी टेप लावून दाखवली, तर म्हणाले, "टेप जुनी झालीय, आखडलीय." या भांडणात कात्री राहून गेली.

अकराच्या सुमारास त्यांनी बाहेरून हाक मारली, "ताई, पँट शिवलीत की पोतं? खिशात हातच जात नाही." मला हसू आलं. मी मशीनवरूनच म्हटलं, "एवढं काय घबाड ठेवायचंय खिशात? हातातली चावी पुरी करा, मग या. कात्री काही पळून जात नाही." ते म्हणाले, "बरं बाई, तोवर हात बाहेर ठेवतो." मग त्यांनी मोबाईल आणि रुमाल शर्टाच्या खिशात टाकला. हे मी दारातून पाहिलं.

मी तेव्हाच उठले असते, तर पुढच्या दहा मिनिटांत ते माझ्या पडद्यामागे असते. आणि टाके कापून परत फळीवर जाऊन बसले असते, तर आज माझ्याकडे दाखवायला काही नसतं. दोन्ही गोष्टी मला रोज सकाळी आठवतात. जबाबाला लागत नसतील तरी लिहा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पोलिसांची जीप आली. कोणी घर फोडून पळालेला, निळ्या शर्टाचा माणूस ते शोधत होते, असं नंतर कळलं. भाऊंचा शर्ट निळा होता. त्या गल्लीत मी शिवलेलेच निळे शर्ट पाच-सहा असतील. जीपमधून एक साहेब उतरले आणि "हात वर" म्हणून ओरडले. अर्धी घासलेली चावी पकडीतच होती. भाऊंनी कानस फळीवर आडवी ठेवली, रोज ठेवायचे तशी. मग उभे राहून दोन्ही हात वर केले. माझ्यात नि त्यांच्यात सहा पावलं होती आणि मध्ये काही नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, मी चावीवाला." त्यावर साहेबांनी दोन गोळ्या झाडल्या. मध्ये किती वेळ गेला असं मला विचारण्यात आलं. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाही नाही, आणि मी दोरा झटकन ओवते.

मी धावत गेले. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यापुढचं मला सांगायचं नाही.

गोळी झाडणाऱ्या साहेबांची वर्दी मी दोनदा सैल करून दिलेली आहे. बोलायला चांगले होते. दोन्ही वेळा म्हणाले, "काकू, घरी सांगू नका." त्यांचं माझं वैर नव्हतं. आता मला त्यांचा भयंकर राग येतो, आणि तो झाकून बोलायला मी काही या ठाण्यात नोकरीला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की, त्या माणसाने पँटच्या उजव्या खिशातून चाकू काढला, म्हणून साहेबांना नाइलाजाने गोळी झाडावी लागली. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला चक्क हसू फुटलं. मग शटर ओढून मी मनसोक्त रडले.

तेव्हापासून गल्लीतली माणसं रोज ठाण्यासमोर बसतात. पहिल्या दिवशी वहिनी आणि मी अशा दोघीच होतो, आज दीडशेच्या वर आहेत. मागणी एवढीच की, चौकशी बाहेरच्या माणसांनी करावी आणि तो चाकू आला कुठून हे सगळ्यांसमोर सांगावं. फलक मी अस्तराच्या कापडाचा शिवला आहे. परवा हेच हवालदार तो काढायला सांगत होते. मी म्हटलं, "कडा दुमडायच्या राहिल्यात, अर्धवट काम मी हलवू देत नाही." तेव्हापासून ठाण्यातले लोक दुरुस्तीला टाकलेल्या वर्द्या परत नेऊ लागले. एका शर्टाची एकच बाही लागली होती, तो तसाच नेला. घालतात कसा कोण जाणे.

हे मी इथवर सांगितल्यावर हवालदार लिहायचे थांबले आणि आत गेले. साडेअकराला मोठे साहेब बाहेर आले. औषधाच्या दुकानाचे मालक आणि शाळेच्या मुख्याध्यापिका यांना पंच म्हणून बोलावलं. त्यांच्यासमोर मुद्देमालाचं पुडकं आणलं. लाखेचं सील शाबूत होतं. ते फोडून पँट टेबलावर ठेवली. मी ती ओळखली. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती.

उजवा खिसा बंद होता. नऊ टाके, दुहेरी गाठ. डावाही तसाच. एकही टाका तुटलेला किंवा ओढला गेलेला नाही. दोरा पांढरा राहिला नव्हता. मी मोजले, मग मुख्याध्यापिकांनी बोट ठेवून मोजले. मोठ्या साहेबांनी वाकून दोन्ही खिसे पाहिले. मग म्हणाले, "खिसा आतून बघायला हवा," आणि कात्री मागवली. मी खिशावर हात ठेवला आणि म्हटलं, "साहेब, बघायचं ते कोर्टात. इथे एक टाका तुटला, तर उद्या नऊच्या नऊ तुटलेलेच होते म्हणाल." कात्री परत ठेवली गेली. टाके दिसतील असे फोटो काढले. पुडकं पुन्हा सील केलं आणि त्यावर मी, दोन्ही पंचांनी आणि मोठ्या साहेबांनी सह्या केल्या.

त्यानंतर हवालदारांनी हळूच विचारलं, "काकू, दुहेरी गाठ म्हणजे नेमकी कशी?" माझ्या पिशवीत दोरा असतोच. एक गाठ बांधून या कागदाला टाचली आहे. हा माणूस वाईट नाही. त्यांच्या पँटची उजवी शिवण उसवली आहे, ती मी करून देईन, पण फलक काढणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जावा म्हणून मी खिडकी उघडायला लावली. 'साहेब, मी चावीवाला' इथे त्यांनी पाणी मागितलं, ते पिऊन पुढे वाचलं. मी बोलले तेच लिहिलं आहे, सगळं खरं आहे, म्हणून खाली सही करते.

सही करताना सांगितलेली आणखी एक गोष्ट : कोर्टाचं काम संपलं की ती पँट वहिनींना द्यायच्या आधी दोन मिनिटं माझ्या हातात द्यावी. ते टाके दुसऱ्या कोणी कापू नयेत. मी कापून देते म्हणून भाऊंना सांगितलं होतं.